पाळीव सापासाठी घरी पेटी बनवताना: मापं, कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

सापाची पेटी बिघडते ती सहसा सुतारकामामुळे नव्हे, तर कामं मागेपुढे झाल्यामुळे. सांध्यात आधी सिलिकॉन भरलं की वरून मारलेलं पॉलिश तिथे धरत नाही. काच जिच्यात सरकते ती खाचेची पट्टी, म्हणजे ट्रॅक, बसवायच्या आधीच काच कापून आणली की ती दोन मिलिमीटरने मोठी निघते. आणि पॉलिशचा वास जायच्या आत साप आत सोडला, तर बाकी सगळी मेहनत फुकट. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा.

इथे धरलेला साप बंदिवासात जन्मलेला, बिनविषारी आणि कायद्याने पाळता येणारा आहे: कॉर्न स्नेक, किंग स्नेक, बॉल पायथन अशांपैकी. रानातून पकडलेल्या सापासाठी हा लेख नाही.

## १. आधी साप ठरवा, मग माप

पेटीची लांबी पूर्ण वाढलेल्या सापाच्या लांबीइतकी तरी हवी, म्हणजे त्याला अंग सरळ ताणता येतं. पुढचा सगळा हिशेब १२०० × ६०० × ६०० मिमी या बाहेरच्या मापाचा आहे, म्हणजे साधारण चार फुटी सापाचा. साप दीड मीटरचा होणार असेल तर लांबी १५०० करा. आडवी मापं तेवढ्याने वाढतील, उंची आणि खोली तीच राहते.

दुसरा प्रश्न ओलाव्याचा. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते, बॉल पायथनला ६० ते ८० लागते. पॉलिशचे हात किती आणि हवेची भोकं किती, हे यावर ठरतं. तापमानाचे आकडेही आत्ताच लिहून ठेवा. कॉर्न स्नेक: ऊब घ्यायची जागा २९–३२ अंश सेल्सिअस, गार टोक २२–२५. बॉल पायथन: ३१–३३ आणि २५–२७.

सावधान: अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू या पेटीत ठेवू नका. सरकत्या दोन काचांमध्ये जी फट राहते, तिच्यातून कॉर्न स्नेकचं पिल्लू सहज निसटतं. डोकं गेलं की मागचं सगळं अंग जातं. झाकण कुलूपबंद होणाऱ्या छोट्या डब्यात ते आधी वाढू द्या.

## २. लाकूड आणि कापायची यादी

१८ मिमीचं पाण्यात टिकणारं प्लायवुड घ्या. लॅमिनेट केलेला पार्टिकल बोर्ड दिसतो छान, पण त्याच्या कडेत एकदा पाणी शिरलं की तो फुगतो आणि फुगलेला बोर्ड परत बसत नाही. देवदाराचं लाकूड किंवा भुसा कुठेही नको. त्यातली सुगंधी तेलं सापाला बाधतात.

१८ मिमीचे तुकडे:

- तळ आणि छत: १२०० × ६००, दोन नग
- बाजू: ६०० (खोली) × ५६४ (उंची), दोन नग
- पुढची खालची पट्टी: ११६४ × १५०, एक
- पुढची वरची पट्टी: ११६४ × ८०, एक

पाठीला १२ मिमीचा १२०० × ६०० चा एक तुकडा. तो मागून बाहेरच्या अंगाने बसतो, त्यामुळे पेटीची एकूण खोली ६१२ होते. भिंत आणि पेटी यांत वायरींसाठी आणखी ५० मिमी धरा.

बाजूची उंची ५६४ कशी? ६०० मधून तळ आणि छताचे १८-१८ वजा. हे वजा करायला विसरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. १८ मिमीचे सगळे तुकडे २४४० × १२२० च्या एका शीटमध्ये बसतात, करवतीच्या पात्याचे प्रत्येक कापाला ३ मिमी धरूनसुद्धा. पेटी रिकामीच ३५–४० किलो भरते, तेव्हा ती कशावर ठेवायची तेही कापायच्या आधीच ठरवा.

तपासा: कापून आलेले दोन-दोन सारखे तुकडे एकमेकांवर ठेवून कडा जुळवा. एका मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आत्ताच घासून काढा.

## ३. फळ्या सुट्या असताना भोकं पाडा

हवा गार टोकाकडून खालून आत यावी आणि गरम टोकाकडे वरून बाहेर पडावी. गार बाजूच्या फळीवर तळापासून २०० मिमी उंचीवर ५० मिमी व्यासाची दोन भोकं, गरम बाजूच्या फळीवर छतापासून १०० मिमी खाली तशीच दोन. बॉल पायथनसाठी सुरुवातीला प्रत्येक बाजूला एकच पाडा. आर्द्रता फार चढली तर दुसरं नंतरही पाडता येतं. भोक तळाला अगदी लागून नको, नाहीतर भुशाखाली बुजेल.

वायरींसाठी पाठीच्या फळीवर गरम टोकाकडे वर एक भोक. यात हमखास फसगत होते: भोक वायरीच्या जाडीचं पाडलं जातं आणि प्लग काही त्यातून जात नाही. मग वायर कापून जोडली जाते आणि तो जोड कायमचा कच्चा राहतो. भोक प्लगच्या मापाचं पाडा, वायर ओवून झाल्यावर उरलेली जागा बुजवा. थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला हीटरची वीज थांबवणाऱ्या यंत्राच्या) प्रोबसाठी, म्हणजे तापमान मोजणाऱ्या टोकासाठी, वेगळं छोटं भोक ठेवा.

हवेच्या भोकांवर २ मिमी किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची चकती बसवायची आहे, पण ती पॉलिश झाल्यावर. तारेच्या जाळीची कापलेली कड आत उघडी राहता कामा नये. साप बाहेरचा रस्ता नाकाने शोधतो, एकाच जागी तासन्‌तास घासतो आणि तुटकी तार नाकावरचे खवले सोलून काढते.

## ४. पॉलिश, तेही जोडणीच्या आधी

जोडलेल्या पेटीच्या कोपऱ्यात ब्रश नीट पोचत नाही आणि पाणी नेमकं कोपऱ्यातच साचतं. म्हणून पॉलिश आडव्या ठेवलेल्या सुट्या फळ्यांवर करायचं.

फळी आधी १२० नंबरच्या आणि मग १८० च्या पॉलिश पेपरने घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. वॉटर बेस पीयू (पाण्यात पातळ होणारं पॉलियुरेथेन पॉलिश) वापरा. पहिला हात दहा टक्के पाणी घालून पातळ, म्हणजे तो लाकडात मुरतो. पुढचे तीन हात जसेच्या तसे. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा आणि ३२० नंबरच्या कागदाने हलकं घासून घ्या. बॉल पायथनच्या पेटीत तळाला आणि भिंतींच्या खालच्या १५ सेंटिमीटरला आणखी दोन हात द्या.

कडांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. प्लायवुडची कापलेली कड आणि पाडलेल्या भोकाची आतली गोलाई नळीसारखं पाणी ओढते. पहिला हात तर बघता बघता पिऊन टाकते. तिथे चकाकी दिसेपर्यंत हात देत राहा.

दोन गोष्टी मात्र उलट आहेत. जिथे फळीवर फळी टेकणार, ती १८ मिमीची पट्टी आणि तिच्यावर बसणारी कड मास्किंग टेप लावून कोरी ठेवा, कारण पॉलिशवर सुतारी गोंद धरत नाही. आणि बाहेरचं अंग कोरं ठेवू नका. एकाच बाजूने सीलबंद झालेली फळी दुसऱ्या बाजूने ओल ओढते आणि वाकते. वाकलेल्या छतात काच अडकते.

सावधान: हाताला कोरडं लागलं म्हणजे पॉलिश पिकलं असं नाही. वास पुरता जायला दोन-तीन आठवडे धरा.

## ५. जोडणी

सपाट जमिनीवर तळ ठेवा, बाजू उभ्या करा, वर छत. स्क्रू ४ × ४५ मिमी, आधी ३ मिमीचं भोक पाडून. थेट स्क्रू पिळला तर प्लायवुडच्या कडेचे थर सुटतात. टोकापासून ३० मिमी सोडून दर १५०–२०० मिमीला एक. पुढच्या दोन्ही पट्ट्या दोन बाजूंच्या मधे, पुढच्या कडेला सपाट मिळवून बसवा. बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पुसा.

पाठ ठोकायच्या आधी कर्ण मोजा. १२०० × ६०० चा कर्ण १३४२ मिमी येतो. दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत पेटी लांब कर्णाच्या बाजूने दाबा, मगच पाठ ४ × ३० च्या स्क्रूंनी बसवा. एकदा पाठ बसली की पेटी तिरकी असेल तर तिरकीच राहते. गुण्या लावून कोपरे बघितले एवढ्यावर समाधान मानू नका. लांब फळीत कोपरा बरोबर दिसतो आणि टोकाला पाच मिलिमीटर चूक निघते.

## ६. सांधे बुजवणं

आता सिलिकॉन. बुरशीनाशक न घातलेलं, मत्स्यपेटीला चालतं ते. न्हाणीघराच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते नको. सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावा, एकसंध रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच दाबत न्या आणि साय धरायच्या आत टेप काढा. आतले सगळे सांधे भरा, छताचेसुद्धा. काही सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडतात. तो पूर्ण जायला हवा.

तपासा: ४८ तासांनी पेटीखाली वर्तमानपत्र पसरा, आत एक लिटर पाणी ओता आणि तासभर ठेवा. पेटी थोडी कलती करून प्रत्येक कोपऱ्यात पाणी जाऊ द्या. कागदावर डाग दिसला तर पाणी पुसून, वाळवून तो सांधा परत भरा. हीच परीक्षा अंथरूण घातल्यावर आपोआप झाली, तर ती तळ कुजल्यावरच कळते.

## ७. ट्रॅक आधी, काच नंतर

दोन खाचांचा ट्रॅक घ्या, रुंदी १८ मिमीच्या आत. उथळ खाचेचा खाली, खोल खाचेचा वर. उलटे बसवले तर काच आत घालताच येत नाही. चिकटवल्यावर एक दिवस थांबा.

आता उंची मोजा: खालच्या खाचेच्या तळापासून वरच्या खाचेच्या माथ्यापर्यंत. डावीकडे, मधे, उजवीकडे, आणि त्यातलं सगळ्यात लहान माप धरा. काच वर उचलल्यावर तिची खालची कड खालच्या खाचेच्या ओठावरून सुटली पाहिजे आणि खाली सोडल्यावर वरची कड वरच्या खाचेत किमान ४ मिमी राहिली पाहिजे. उदाहरणार्थ, मोजलेली उंची ३३१, खालची खाच ५ मिमी, वरची १४ मिमी. मोठ्यात मोठी काच ३३१ − ५ − २ = ३२४. लहानात लहान ३३१ − १४ + ४ = ३२१. मागवायची ३२३. तुमच्या ट्रॅकचे आकडे यात घाला, इथले उचलू नका.

रुंदीसाठी मोकळी जागा ११६४, दोन काचा एकमेकींवर ३० मिमी चढवायच्या. (११६४ + ३०) ÷ २ = ५९७ प्रत्येकी. काच ५ मिमी टफन (तापवून कडक केलेली), चारही कडा घासलेल्या. टफन काच नंतर कापता येत नाही, छिद्रही पाडता येत नाही. मोजमाप सगळ्यात शेवटी घ्यायचं ते यासाठीच.

शोकेसला लावतात तसं दातेरी पट्टीचं कुलूप हवं: पट्टी मागच्या काचेच्या कडेला अडकते आणि कुलूप पुढच्या काचेच्या कडेला टेकतं. साप काच सरकवतो. शिकून नव्हे, फटीत डोकं घालून अंगाने रेटत राहतो म्हणून. कुलूप लावल्यावरही काच वर उचलून पाहा. ती ओठावरून सुटत असेल तर वरच्या खाचेत, काचेच्या माथ्यावरच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा. दोन काचांमधली उभी फट मऊ प्लास्टिकची चिकटपट्टी लावून झाकता येते, पण चिकट बाजू कुठेही उघडी राहू देऊ नका.

सावधान: पेटीच्या आत कसलाही चिकट टेप नको, प्रोबची वायर धरायलासुद्धा. ओलावा आणि उष्णतेने तो सुटतो आणि सापाच्या अंगाला चिकटतो. ओढून काढताना खवल्यांसकट कातडी निघते.

## ८. उष्णता

सापाला भाजतंय हे वेळेवर उमजत नाही. तापलेल्या वस्तूला तो गुंडाळून बसतो आणि जखम होईपर्यंत हलत नाही. इथे काटकसर नको.

या मापाच्या लाकडी पेटीला १०० वॉटचा सिरॅमिक हीटर (उजेड न देता नुसती ऊब देणारा) किंवा छताला लावायचं हीट पॅनल पुरतं. तळाला चिकटवायची मॅट इथे नकोच. १८ मिमी लाकडातून ऊब वर जात नाही, मॅट मात्र खाली अडकून तापत राहते. विजेवर तापणारे नकली दगडही टाळा.

सिरॅमिक हीटर छताला, गरम टोकाच्या भिंतीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर. होल्डर चिनीमातीचाच, कारण हीटरचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जातो आणि प्लास्टिकचा होल्डर वितळतो. होल्डर आणि छत यांच्यात धातूची पत्रा-पट्टी ठेवा, मधे १० मिमी हवा राहील अशी. भोवती जाळीचा पिंजरा हवाच. तो स्क्रूने घट्ट बसवलेला असावा आणि त्याच्या तारांमधून सापाचं डोकं शिरता कामा नये. पिंजऱ्याचा तळ आणि खालची बसायची जागा यांत २५ सेंटिमीटर मोकळे सोडा. पिंजऱ्याला टेकेल अशी फांदी ठेवू नका. साप तिच्यावरून चढून जाळीलाच लटकतो.

थर्मोस्टॅटशिवाय काहीही चालू करायचं नाही. सिरॅमिक हीटर आणि पॅनलला पल्स प्रकारचा (वीज झटक्याझटक्याने देणारा), उजेडाच्या बल्बला डिमिंग प्रकारचा (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा). बल्ब पल्सवर लावला तर तो सतत लुकलुकतो.

प्रोब सापाच्या उंचीवर, गरम टोकाच्या भिंतीला प्लास्टिकच्या क्लिपने आणि स्क्रूने पक्का करा. तळावर मोकळा सोडलेला प्रोब ही या सगळ्या कामातली सगळ्यात घातक चूक. साप त्याला ढकलत गार टोकाकडे नेतो किंवा त्याच्यावर मुततो. ओला प्रोब वाळताना थंड पडतो, थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गार झाली, आणि हीटर थांबायचं नाव घेत नाही.

वायर सॉकेटकडे जाताना सॉकेटच्या खाली झोका घेऊन वर यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

तपासा: थर्मोस्टॅट ३० वर लावा आणि प्रोब मुठीत धरा. दोन-तीन मिनिटांत हीटरकडे जाणारी वीज थांबल्याचं निर्देशक दिव्यावर दिसलं पाहिजे. नाही थांबली तर तो थर्मोस्टॅट वापरू नका.

## ९. रिकामी पेटी सात दिवस चालवा

अंथरूण घाला: कॉर्न स्नेकला ॲस्पेनचा भुसा, बॉल पायथनला नारळाच्या सोडणाचे तुकडे. ८ सेंटिमीटरच्या थराला साधारण ५५ लिटर लागतं. पुढची पट्टी १५ सेंटिमीटरची आहे ती याचसाठी, भुसा ट्रॅकच्या खाचेत जाऊ नये म्हणून.

दोन डिजिटल थर्मामीटर, एक गरम टोकाला, एक गार टोकाला. थर्मोस्टॅटवरचा आकडा म्हणजे सापाला लागणारं तापमान नव्हे. बसायच्या जागेचा पृष्ठभाग इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा, आकडा एक-एक अंशाने बदला आणि प्रत्येक बदलानंतर चार तास थांबा. सकाळ-रात्रीचे आकडे लिहा.

गार टोक नको तितकं तापत असेल तर आधी हीटर भिंतीकडे सरकवा, मग वरचं भोक पूर्ण उघडं आहे ना ते पाहा. थर्मोस्टॅट कमी करून गार टोक सुधारायला गेलात तर गरम टोक हातचं जातं. आर्द्रता कमी पडत असेल तर पाण्याचं भांडं मोठं करा. भिंतींवर दिवसभर थेंब दिसत असतील तर हवा कमी पडतेय.

तीन परीक्षा याच आठवड्यात:

- रात्रभर काचा बंद ठेवून हीटर चालू द्या. सकाळी काच सरकवून लगेच नाक आत घाला. पॉलिशचा किंवा व्हिनेगरचा जराही वास आला तर अजून एक आठवडा, काचा उघड्या.
- खोलीत अंधार करा, आत टॉर्च पेटवून ठेवा आणि बाहेरून चारही बाजूंनी पाहा. जिथे उजेडाची रेघ दिसते तिथे फट आहे.
- कापसाचा बोळा प्रत्येक कडेवरून, स्क्रूच्या टोकावरून, जाळीवरून फिरवा. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे सापाचं नाकही सोललं जाईल. घासा.

## १०. मांडणी आणि साप

लपायला दोन जागा, सारख्याच: एक गरम टोकाला, एक गार. एकच ठेवली तर साप ऊब आणि आडोसा यांतून आडोसा निवडतो आणि गारठत बसतो. जागा अंगाला सगळीकडून टेकेल इतकी अरुंद हवी. पाण्याचं भांडं जड, गार टोकाला. जड दगड किंवा लाकूड ठेवायचं असेल तर ते थेट तळावर ठेवा आणि भुसा भोवतीने भरा, कारण भुशावर ठेवलेला दगड साप खालून पोखरतो आणि तो त्याच्याच अंगावर येतो.

नवीन आणलेला साप पहिले काही आठवडे कागद अंथरलेल्या साध्या डब्यात ठेवा. गोचिडीसारखे बारीक किडे असतील तर पांढऱ्या कागदावर लगेच दिसतात. तेच लाकडी पेटीच्या सांध्यात शिरले तर निघता निघत नाहीत.

पेटीत सोडल्यावर आठवडाभर हात लावू नका, खाणंही सहा-सात दिवसांनी. या दिवसांत रोज सकाळी काचेवर नाकाचे ठसे किती उंचीवर आणि कोणत्या कोपऱ्यात दिसतात ते पाहा. एकाच जागी रोज दिसत असतील तर तिथे फट किंवा हवेचा झोत आहे, किंवा ते टोक नको तितकं तापतंय. नंतर महिन्यातून एकदा प्रोबची वायर हलकेच ओढून पाहा, पिंजऱ्याचे स्क्रू आवळा, खालच्या खाचेतला भुसा ब्रशने काढा आणि पाण्याच्या भांड्याखालची फळी अंगठ्याने दाबा. मऊ लागली तर भांडं हलवून तेवढा भाग वाळवा, घासा आणि पॉलिशचा हात द्या. तोवर साप परत डब्यात.